कात्री सुटेना

मास्तरबाईंनी वकिलीणबाईंच्या कोटाचं कापड बिघडवलं, ही गोष्ट दुकानाबाहेर फुटली नाही याचं सगळं श्रेय मास्तरबाईंच्या जिभेला. पाठीच्या भागात, खांद्याच्या जरा खाली, कात्री सरळ जायची ती तिरकी गेली. कापड असं, की पुन्हा मिळायचं नाही. मास्तरबाईंनी तिथे जास्तीची शिवण टाकली, तिच्यावर एक पट्टी बसवली, आणि ट्रायलच्या दिवशी वकिलीणबाईंनी आरशात वळून वळून "ही पट्टी कसली हो?" असं विचारलं तेव्हा पापणीही न हलवता सांगितलं, "पाठ उठून दिसते त्याने. हल्ली चांगल्या कोटाला असतेच." वकिलीणबाई पट्टी मिरवत गेल्या. पुढे त्यांच्या दोन मैत्रिणी तसलीच पट्टी मागायला आल्या, तेव्हा मास्तरबाईंना हसावं की रडावं कळेना.

कारण त्या दिवशी टेबलापाशी जे झालं होतं, ते फक्त त्यांनाच माहीत होतं. कात्री छान चालली होती. मधेच उजव्या हाताची बोटं एकमेकांना चिकटली, ताठ झाली, अंगठा तळव्यात शिरला आणि मनगट आत वळलं. कात्री हातातून सुटेना. पाठमोरं उभं राहून डाव्या हाताने एकेक बोट सोडवावं लागलं, आणि तेही धाकटीला दिसणार नाही अशा बेताने.

दुकान दोघी बहिणींचं होतं. मूळचं वडिलांचं. वडिलांना सगळे मास्तर म्हणत. त्यांच्यामागे थोरलीने कात्री घेतली, म्हणून ती मास्तरबाई झाली. धाकटीने शिलाई मशीन घेतलं, आणि ती धाकटीच राहिली. धाकटीचं लग्न झालं, मुलं झाली, केस पांढरे व्हायला लागले, तरी गिऱ्हाईक आत येऊन विचारणार, "धाकटी कुठेय?" कापायचं थोरलीने, शिवायचं धाकटीने, आणि बोलायचं दोघींनी, अशी वाटणी होती. कात्रीला धाकटी हात लावत नसे. भीती वाटते म्हणायची, आणि मास्तरबाईही "राहू दे, तुझ्याने नाही व्हायचं" म्हणून विषय संपवायच्या.

वडिलांच्या हाताचं शेवटी काय झालं ते दोघींनी पाहिलं होतं. ह्याच टेबलापाशी त्यांचा हात पहिल्यांदा हलायला लागला. आधी त्यांनी तो खिशात लपवला, मग कापडाखाली, मग लपवण्यात अर्थ उरला नाही. शेवटची वर्षं ते दुकानाच्या दाराशी खुर्चीत बसून बटणं निवडत. ज्या माणसाने डोळे मिटून बाहीचा मुंढा कापावा, त्याच्या बोटांतून बटण निसटायचं, आणि कोणी उचलून दिलं की ते "थँक्यू" म्हणायचे. ते थँक्यू मास्तरबाईंना अजून झोपेत ऐकू येत असे.

त्यामुळे हात आवळला त्या दिवशी मास्तरबाईंनी आपल्यापुरता निकाल लावून टाकला. बाबांचंच दुखणं. बाबांनी सगळं शिकवलं, आणि जाताना हेही देऊन गेले. पुरावाही भक्कम होता. हात आवळायचा तो फक्त दुकानात, टेबलापाशी. घरी बादल्या उचलल्या, कपडे पिळले, जड भांडी घासली, तरी काही नाही. हात दुखणाईत असता तर घरीही आवळला असता. म्हणजे हात टेबलाला भ्याला आहे, आणि बाबांचंही टेबलापाशीच सुरू झालं होतं. आता डॉक्टरकडे जाऊन तेच ऐकायचं, तर न ऐकलेलं बरं, असा त्यांचा हिशेब.

बाकीच्या तक्रारींसाठी डॉक्टरची गरजच नव्हती. त्यांचं उत्तर दुकानातच मिळत होतं. ओठांभोवती मुंग्या येत, त्याला कारण टाचण्या. ट्रायल घेताना मास्तरबाई ओठांत टाचण्या धरत, मग ओठ चुरचुरणार नाहीत तर काय होणार. बोटांची टोकं बधिर होत, ते सुईमुळे. पोटऱ्यांत गोळे येत, ते दिवसभर उभं राहण्यामुळे. दुखणं अंगभर पसरत चाललं होतं आणि मास्तरबाई त्याचं माप घेऊन प्रत्येक तुकड्याला धंद्यातलं कारण बेतून देत होत्या.

एक गोष्ट मात्र त्यांनी ह्या मापात धरलीच नाही. वर्षभरापूर्वी त्यांच्या गळ्याचं ऑपरेशन झालं होतं. थायरॉइडची गाठ होती, ती ग्रंथीसकट काढली. गाठ साधी निघाली आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. व्रण दिसू नये म्हणून मास्तरबाईंनी स्वतःसाठी बंद गळ्याचे चार ब्लाउज बेतले आणि प्रकरण मिटलं. घरी सोडताना सर्जननी गोळ्या कशा घ्यायच्या ते नीट समजावून सांगितलं होतं. मास्तरबाई मान डोलावत होत्या, पण त्यांचं सगळं लक्ष सर्जनच्या पांढऱ्या कोटाच्या कॉलरकडे होतं. ती कॉलर एका बाजूने चढली होती. इतका शिकलेला माणूस आणि कॉलर अशी, ह्या विचारात गोळ्यांचं बोलणं वाहून गेलं.

मग गोळ्या त्यांनी आपल्या पद्धतीने घेतल्या. दुकानात एकसारखे दहा कपडे असले, की कापड थरावर थर लावून एकदम कापायचं, हा शिरस्ता. गोळ्यांचंही तेच. थायरॉइडची, कॅल्शियमच्या, आणि पोट जळजळतं म्हणून औषधाच्या दुकानातून आणलेली ॲसिडिटीची, अशी मूठभर गोळ्या सकाळी उठल्या उठल्या दुधाच्या चहाबरोबर एका घोटात. एकदाचं उरकलं. पुढे तपासणीला बोलावलं होतं, पण तेव्हा दुकानात शाळेच्या गणवेशांचा ढीग होता. दरम्यान वजन वाढलं, अंग जडावलं. त्यालाही कारण होतंच, वय.

"ताई, तुझा हात बघू," एक दिवस धाकटी म्हणाली.

"कशाला? लग्न जमवायचंय का माझं?"

"परवा त्या जांभळ्या फ्रॉकची बाही मी जुळवली ना, ती एका बाजूने आखूड होती. तुझ्या हातून आजवर असं झालेलं नाही."

"कापड ओढलं गेलं असेल."

"आणि कात्री टेबलावर ठेवायला डावा हात कशाला लागतो तुला?"

मास्तरबाई टेबलाकडे वळल्या. त्यांनी खडू उचलला आणि इतक्या जोरात रेघ मारली की खडू तुटला. धाकटी गप्प बसली. ती गप्प बसली म्हणजे काहीतरी शिजतंय, हे मास्तरबाईंना कळायला हवं होतं.

दोनच दिवसांनी धाकटी मशीनवर डोकं टेकवून बसली. म्हणे गरगरतंय, डॉक्टरकडे एकटीने जायची भीती वाटते, सोबत चल. मास्तरबाईंनी भराभर शटर ओढलं. दवाखाना गल्लीच्या टोकाशी होता, आणि वाटेत गरगरणाऱ्या बाईने दोन ओळखीच्यांशी गप्पा मारल्या, एकीच्या ड्रेसला नावंही ठेवली. तेव्हाही मास्तरबाईंच्या लक्षात आलं नाही, इतक्या त्या घाबरल्या होत्या.

डॉक्टरीणबाई मध्यम वयाच्या, सावकाश बोलणाऱ्या. त्यांनी धाकटीचं ब्लडप्रेशर पाहिलं. उत्तम होतं.

"आता हिचंही बघा," धाकटी म्हणाली. "आलीच आहे तर."

"मला काय धाड भरलीय?" मास्तरबाई म्हणाल्या, पण तोवर पट्टा दंडाला गुंडाळला गेला होता.

पट्ट्यात हवा भरली. डॉक्टरीणबाईंना पहिल्यांदा नीट ऐकू आलं नाही, म्हणून त्यांनी पुन्हा भरली आणि जरा वेळ तशीच ठेवली. आणि मास्तरबाईंच्या डोळ्यांदेखत, टेबल नाही, कात्री नाही, कापड नाही, तरी उजव्या हाताची बोटं एकमेकांना चिकटली. अंगठा आत गेला. मनगट वळलं. एवढे दिवस जे लपवलं, ते भर दवाखान्यात उघडं पडलं होतं. त्यांनी डाव्या हाताने पदर ओढून ते झाकायचा प्रयत्न केला, आणि त्यांचे डोळे भरून आले.

"झाकू नका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मला बघू दे." त्यांनी हवा सोडली, पण हाताकडे बघत राहिल्या. बोटं हळूहळू मोकळी झाली. मग त्यांनी मास्तरबाईंच्या कानापुढे, गालावर, बोटाने हलकेच टिचकी मारली. त्या बाजूचा ओठ फडफडला. पुन्हा टिचकी, पुन्हा ओठ.

"गळ्याचं ऑपरेशन झालंय का तुमचं?"

मास्तरबाईंचा हात आपोआप बंद गळ्याकडे गेला. एवढा बेतून शिवलेला गळा, आणि ह्या बाईला आरपार कसं दिसलं, ह्याचा त्यांना त्याही स्थितीत राग आला.

त्यानंतरचे दोन दिवस हॉस्पिटलमध्ये गेले. रक्तातलं कॅल्शियम इतकं खाली गेलं होतं की डॉक्टरीणबाईंनी त्यांना घरीच जाऊ दिलं नाही. हृदयाचा ईसीजी काढला, शिरेतून हळूहळू कॅल्शियम सोडलं. पहिल्याच दिवशी मास्तरबाईंच्या ओठांच्या मुंग्या थांबल्या. त्या थांबल्या तेव्हा कळलं की कितीतरी महिने त्या अखंड चालू होत्या. टाचण्यांचा काही दोष नव्हता.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई खाटेशेजारी स्टूल ओढून बसल्या. धाकटी पायथ्याशी उभी होती.

"थायरॉइडच्या मागे चार बारीक ग्रंथी असतात," त्या म्हणाल्या. "पॅराथायरॉइड. तांदळाच्या दाण्याएवढ्या. रक्तातलं कॅल्शियम सांभाळायचं काम त्यांचं. थायरॉइड काढताना कधीकधी त्या दुखावतात. सर्जन कितीही चांगला असला तरी. मग त्यांचं हार्मोन कमी पडतं आणि कॅल्शियम घसरतं. ह्याला हायपोपॅराथायरॉइडिझम म्हणतात. कॅल्शियम कमी झालं की नसा चिडक्या होतात, स्नायू आवळतात. मुंग्या, गोळे, हात, सगळं त्यातलंच."

मास्तरबाईंनी ह्या वेळी कॉलरकडे बघितलं नाही. त्यांना एकच विचारायचं होतं, आणि ते ओठांवर यायला वेळ लागला.

"आमच्या वडिलांना होतं. हाताचं. हे तेच ना?"

"त्यांचा हात कसा व्हायचा?"

"थरथरायचा. हात नुसता मांडीवर ठेवला तरी."

"तुमचा थरथरतो?"

"नाही. आवळतो."

"मग ते वेगळं आणि हे वेगळं. त्यांचा त्रास मेंदूकडून आला असणार. तुमचा गळ्यातून आलाय. एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नाही."

मास्तरबाईंनी डोळे मिटले. इतक्या महिन्यांनी त्यांनी पहिल्यांदा पुरता श्वास सोडला. दाराशी ठेवलेली ती खुर्ची आपल्यासाठी नाही, एवढंच त्यांच्या डोक्यात फिरत होतं, आणि डॉक्टरीणबाई पुढे काय म्हणाल्या ते त्यांनी ऐकलंच नाही. सुदैवाने धाकटी ऐकत होती.

"पण मग डॉक्टर," थोड्या वेळाने मास्तरबाईंनी डोळे उघडून विचारलं, "दुकानातच का व्हायचं? घरी कधीच नाही."

डॉक्टरीणबाई विचारात पडल्या. "दुकानात तुम्ही असं काय करता जे घरी करत नाही?"

मास्तरबाई सांगायला लागल्या, खडू, टेप, उभं राहणं. बोलता बोलता त्यांचा डावा हात उजव्या दंडाकडे गेला आणि त्या थांबल्या. दुकानात शिरलं की त्या उजव्या दंडाला रुंद इलॅस्टिकचा पट्टा चढवत. बाही वर राहते, आणि पट्ट्यात टाचण्या खोचता येतात. वडिलांची पद्धत. घरी जाताना पट्टा खिळ्यावर. वर्षभरात दंड भरला होता, पट्टा तोच होता.

"बघ," धाकटी म्हणाली. "रोज सकाळी स्वतःचं ब्लडप्रेशर घेत होतीस."

डॉक्टरीणबाई हसल्या, मग लगेच गंभीर झाल्या. "पट्टा सैल करा. पण दोष त्याच्यावर ढकलू नका. कॅल्शियम पुरेसं असतं, तर असल्या पट्ट्याने काही झालं नसतं. त्याने फक्त चुगली केली. पट्टा काढून तुम्ही गप्प बसला असता, तर कधीतरी झटका आला असता, नाहीतर घसा आवळून श्वास अडला असता."

मग गोळ्यांची उलटतपासणी झाली. मूठभर गोळ्या एका घोटात, हे ऐकून डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. थायरॉइडची गोळी सकाळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर, एकटीने. कॅल्शियम तिच्या जवळपास आलं की ते तिला अंगी लागू देत नाही. वजन वाढलं ते त्यामुळेच. कॅल्शियम नंतर, काही तासांनी, जेवणाबरोबर, दिवसभरात वाटून. ॲसिडिटीच्या गोळीने कॅल्शियम नीट जिरत नाही, ती बंद. शिवाय डी जीवनसत्त्वाची एक खास तयार गोळी, कारण साध्या डीला कामाला लावायचं ते हार्मोनच कमी पडलं होतं. रक्त आणि लघवी ठरल्या वेळी तपासायची.

"किती दिवस?" मास्तरबाईंनी विचारलं.

"ग्रंथी कधी कधी सावरतात. पण आता वर्ष झालं, तेव्हा बहुतेक कायमचं धरून चला. नीट घेतलंत तर काम काही अडणार नाही."

कायमचं म्हटल्यावर धाकटीचा चेहरा पडला. मास्तरबाईंचा मात्र उजळला. चष्माही कायमचाच होता, त्याने काय बिघडलं होतं. रोज गोळ्या घेऊन हात आपला राहणार असेल, तर त्या खुशाल घेणार होत्या.

उलट त्यांनी जरा जास्तच मनावर घेतलं. घरी आल्यावर, गोळीने इतकं बरं वाटतं तर दोन जास्तीने अजून बरं वाटेल, असं म्हणून त्यांनी आपल्या मनाने गोळ्या वाढवल्या. तहान तहान व्हायला लागली, मळमळायला लागलं. पुढच्या तपासणीत डॉक्टरीणबाईंनी त्यांना चांगलंच फैलावर घेतलं. जास्तीचं कॅल्शियम मूत्रपिंडात जाऊन बसतं, खडे होतात, मूत्रपिंडं निकामी होतात. आकडा मुद्दाम जरा खालच्या बाजूला ठेवायचा असतो, जेमतेम.

"म्हणजे अंगाबरोबर कापायचं, ढगळ नाही," मास्तरबाई म्हणाल्या.

"तुम्हाला जसं लक्षात राहील तसं ठेवा, पण माप माझं." डॉक्टरीणबाईंनी कानाला खडा लावून घेतला त्यांच्याकडून. मुंग्या आल्या तर लगेच फोन, उलट्या-जुलाब झाले तरी फोन, श्वास अडला किंवा छाती धडधडली तर थेट हॉस्पिटल. हे सगळं धाकटीने पाठ केलं. दुपारी डबा उघडला की ती मशीनवरून ओरडायची, "गोळी!" आणि ट्रायलला उभं असलेलं गिऱ्हाईक दचकायचं.

मधल्या काळात कापायचं काम दुसऱ्या दुकानात जात होतं. आकडे जागेवर आल्यावर डॉक्टरीणबाईंनी परवानगी दिली, आणि मास्तरबाई टेबलापाशी उभ्या राहिल्या. लांब कोटाचं कापड होतं, जाडजूड. दंडाला काही नव्हतं. टाचण्या बशीत होत्या, बाही दुमडून वर केली होती. त्यांनी कात्री घातली. पाठ, पुढचे दोन भाग, बाह्या, मुंढ्याचं वळण. मशीनचा आवाज बंद पडलेला त्यांच्या लक्षात आला, पण त्यांनी वर पाहिलं नाही. शेवटचा तुकडा सुटला. त्यांनी कात्री टेबलावर ठेवली. नुसती ठेवली, उजव्याच हाताने. बोटं आपली आपण उघडली.

मास्तरबाई तिथेच टेबलावर हात टेकून उभ्या राहिल्या आणि रडल्या. लपवायचं कारण उरलं नव्हतं.

"मला वाटलं होतं, मीही बाबांसारखी खुर्चीत," त्या म्हणाल्या.

"मला माहीत होतं," धाकटी म्हणाली. "मलाही तेच वाटलं होतं. फार आधीपासून."

ती उठली. मशीनच्या मागून तिने एक मोठी पिशवी ओढून काढली आणि टेबलावर रिकामी केली. जुन्या चादरी होत्या, कापलेल्या. कुठे मुंढा इतका खोल की त्यातून डोकं गेलं असतं, कुठे दोन्ही बाह्या एकाच हाताच्या, कुठे गळा पाठीकडे. चार-पाच घरांना पुरतील एवढ्या चादरींची वाट लागली होती.

"हे काय?"

"घरी शिकत होते. आमच्या ह्यांच्या मदतीने. ते धरायचे, मी कापायची." धाकटी चादरींकडेच बघत बोलत होती. "म्हटलं, तुझा हात गेला तर दुकान चालू राहायला हवं. तू खुर्चीत बसशील तर बसशील, पण दाराशी बटणं निवडत नाही. इथे टेबलाजवळ. तू सांगायचं, मी कापायचं. कात्रीची भीती वाटते मला अजून. पण तुला तसं बसलेलं बघायची जास्त वाटत होती."

 मास्तरबाईंनी एक चादर उचलली, उजेडात धरली, उलटसुलट पाहिली. त्यांच्या नाकातून पाणी येत होतं आणि त्यांना हसूही आवरत नव्हतं.

"किती वाईट कापतेस गं."

"जाऊ दे. आता कशाला शिकायचंय? तुझा हात बरा झाला." धाकटी चादरी गोळा करून पिशवीत कोंबायला लागली.

"ठेव त्या," मास्तरबाई म्हणाल्या. "घाबरून शिकलीस म्हणून अशा झाल्या. आता गरज नाहीये, आता नीट येईल. ये इकडे."

धाकटी टेबलाच्या ह्या बाजूला आली. मास्तरबाईंनी त्यांतली एक अजून न कापलेली चादर पसरली, हाताने सुरकुत्या काढल्या, तिच्या हातात कात्री दिली आणि तिच्या बोटांवर आपली बोटं ठेवली.

"इतकी आवळून धरू नकोस," त्या म्हणाल्या.